आधी क्रियापद

डोलिनाला बेटाची जुनी भाषा, गॅलिक, येत नाही याचं हालाबोस्ट गावात कुणाला नवल वाटत नसे. ती स्टॉर्नोवेची, बंदराच्या मागच्या गल्लीत वाढलेली, आणि शहरातल्या पोरी इंग्रजीच बोलायच्या. तिचे आईवडील एकमेकांशी गॅलिकमध्ये बोलत, पण पोरांकडे वळले की इंग्रजी. कुणाला दिवस गेले, कुणी दारू पिऊन धक्क्यावरून पाण्यात पडलं, कुणाच्या घरी पोलीस आले, की घरात गॅलिक सुरू व्हायचं. त्यामुळे लहानपणापासून डोलिनाला ती भाषा म्हणजे बंद दारामागची कुजबुज वाटायची. पुढे लग्न होऊन ती लुईस बेटाच्या उत्तर टोकाला, हालाबोस्टला आली, तेव्हा तेच दार तिथंही होतं. नवरा टॉर्कल आणि सासू मर्डिना आपसात गॅलिक बोलत, आणि तिच्याशी कामापुरतं इंग्रजी.

टॉर्कल मारायचा.

पहिल्यांदा मारलं ते मेंढ्यांना औषधी पाण्यात बुचकळायच्या दिवशी. फाटकाची दोरी डोलिनानं नीट बांधली नव्हती आणि त्याचा मेंढा निसटून दलदलीत जाऊन रुतला. सगळ्या गावानं मिळून तो बाहेर ओढला, हसत-खिदळत. टॉर्कलही हसला. घरी आल्यावर त्यानं तीच ओली दोरी दुहेरी करून तिच्या पाठीवर ओढली, आणि ती खाली बसली तरी थांबला नाही. त्यानंतर निमित्त लागतच राहिलं. मासेमारीची होडी विकावी लागली तेव्हा, बटाटे कुजले तेव्हा, इशबेल जन्मली आणि मुलगा झाला नाही तेव्हा. एकदा बरगडी मोडली. एकदा मनगट. दवाखान्यात ती सांगायची, पीट आणताना पडले. दलदलीतली ती जळणाची माती सगळं बेट कापून आणायचं आणि पाय घसरून पडणारेही पुष्कळ असायचे, त्यामुळे डॉक्टरनं कधी जास्त विचारलं नाही.

घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये माग. त्या बाजूला घरटी एक माग असायचा. सायकलसारखं पायानं मारत बसायचं आणि लोकरीचं कापड विणायचं. त्याचा खटखटाट वाऱ्याच्या दिवशीसुद्धा चार घरं ओलांडून जायचा. टॉर्कलचा हात उठायच्या बेतात आला की मर्डिना उठायची, ॲप्रन सारखा करायची आणि मागच्या दारानं शेडकडे जायची. थोड्या वेळानं माग सुरू व्हायचा. डोलिनाला वाटायचं, म्हातारीला बघवत नाही. मार खाता खाता सुद्धा तिला तिची दया यायची. बिचारी, पोटचा पोर असा निघाला, करणार काय.

रविवार देवाचा, म्हणून त्या दिवशी माग बंद असे. त्या गावात रविवारी दोरीवर कपडेसुद्धा वाळत नसत. आणि रविवारी टॉर्कलनं कधी हात उचलला नाही. डोलिना मनात म्हणायची, निदान देवाला तरी भितो.

एकदा ती इशबेलला काखेत मारून माहेरी गेली होती. बाप खिडकीशी बसला होता. त्यानं तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं आणि मग बाहेर बोटींकडे पाहत म्हणाला, "लग्न म्हणजे पाहुणचार नव्हे पोरी, की कंटाळा आला, उठून चाललं." दुसऱ्या दिवशी चर्चमधले एक वडीलधारे गृहस्थ गाडी घेऊन आले आणि तिला हालाबोस्टला परत सोडून गेले. वाटेत ते कॉड माशाच्या भावाबद्दल बोलत होते.

इशबेल शाळेत जायला लागली तेव्हा डोलिनाला त्याच शाळेत मदतनिसाचं काम मिळालं. लहान मुलांचे कोट घालायचे, नाकं पुसायची, दूध वाटायचं. त्याच सुमारास बेटावर गॅलिकमधून शिकवणारे वर्ग निघायला लागले होते. पोरांची भाषा तुटत चालली म्हणून सरकारला अचानक जाग आली होती. हालाबोस्टच्या वर्गासाठी उइस्ट बेटावरून कत्रिओना नावाची शिक्षिका आली. पन्नाशीची, बिनलग्नाची, ढांगा टाकत चालणारी. पहिल्याच दिवशी तिनं डोलिनाला गॅलिकमध्ये काहीतरी विचारलं. डोलिना नुसती हसली.

"म्हणजे येत नाही," कत्रिओना इंग्रजीत म्हणाली. "माझ्या वर्गात इंग्रजी चालायचं नाही. पोरांच्या चड्ड्या बदलतानासुद्धा नाही. शिकणार का?"

"या वयात?"

"वय काय चाटायचंय? ती पाच वर्षांची पोरं शिकतातच ना. त्यांच्यापेक्षा तू एवढी ढ आहेस?"

शाळा सुटली की त्या दोघी लहान मुलांच्या बुटक्या टेबलांशी बसायच्या, गुडघे पोटाशी घेऊन. कत्रिओना म्हणाली होती, नीट शिकलीस तर परीक्षा दे. मदतनीस म्हणून नाकं पुसत म्हातारी होण्यापेक्षा शिक्षिका हो. डोलिनानं ते हसण्यावारी नेलं. पण शिकायला मात्र लागली.

एक दिवस तिनं घरी ते करून पाहिलं. संध्याकाळचा चहा होता. तिनं किटली उचलली आणि सासूला गॅलिकमध्ये विचारलं, "तू चहा घेणार?"

मर्डिनाचा हात कपाशी थांबला. टॉर्कल आधी हसला. मग हसायचा थांबला.

"माझ्या आईला तू म्हणतेस?"

डोलिनाला कळेना. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. गॅलिकमध्ये मोठ्यांना तुम्ही म्हणतात हे कत्रिओनानं सांगितलं होतं, पण जिभेला सवय नव्हती. ती चूक झाली म्हणेपर्यंत टॉर्कलनं तिच्या हातातली किटली घेतली होती. तिचा हात टेबलावर दाबून धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश चहा ओतला, जसा कुणी बटाट्यांवर रस्सा ओततो.

"या घरात तुझ्या तोंडून ही भाषा पुन्हा ऐकली," तो म्हणाला, "तर दात मोजून हातात देईन."

मर्डिना तोवर मागच्या दारात पोचली होती.

त्यानंतर डोलिनानं घरात गॅलिकचं अक्षर काढलं नाही. टॉर्कलला वाटलं, खूळ गेलं. पण शाळेत ती बाही खाली ओढून शिकतच राहिली. कशासाठी, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं. दिवसभरात तेवढा एक तास असा होता की कुणीतरी तिला चुकलीस म्हणायचं आणि त्यापुढे काही व्हायचं नाही. पोरंही शिकवायची. एक कुरळ्या केसांची मुलगी तिचा उच्चार ऐकून कपाळावर हात मारायची आणि तिचे ओठ बोटांनी धरून नीट करायची.

"आमच्याकडे क्रियापद आधी येतं," एकदा कत्रिओना फळ्याशी उभी राहून सांगत होती. "इंग्रजीत आधी माणूस उभा राहतो, मग काय केलं ते सांगतो. गॅलिकमध्ये आधी काय झालं ते. कुणी केलं, कुणाला केलं, ते नंतर. पडला पाऊस. गेली बोट. आता तू सांग एक वाक्य."

डोलिनानं खडूकडे पाहत विचार केला. शब्द ओळीनं जुळवले, आधी क्रियापद.

"मारलं त्यानं मला," ती म्हणाली.

कत्रिओनानं जाऊन वर्गाचं दार लावलं आणि परत येऊन त्या बुटक्या खुर्चीत बसली.

"वाक्य बरोबर आहे," ती म्हणाली. "खरं आहे का?"

डोलिनानं बाही वर केली.

कत्रिओनानं त्या लालसर, आवळलेल्या कातडीकडे पाहिलं. मग तिनं उइस्टच्या बायका देतात तशी एक लांबलचक शिवी दिली. त्यातलं डोलिनाला अर्धंच कळलं. "माझ्या घराची मागची खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "दाराला आतून कडी आहे. मी विचारणार नाही कधी येतेस. आलीस की आलीस."

डोलिना लगेच गेली नाही. माणूस जात नाही. तिला वाटत होतं, टॉर्कल वाईट असेल पण म्हातारी आहे, तिच्या मनात दया आहे, एखादे दिवशी ती मध्ये पडेल. त्या आशेला टेकून तिनं इतकी वर्षं काढली होती.

कळायला लागणं एकदम झालं नाही. स्वयंपाकघरात ती भांडी घासत असायची आणि पाठीमागे मायलेक बोलत असायचे, आणि त्या आवाजाच्या लगद्यातून एखादा शब्द वर यायचा. मेंढी. उद्या. मग तुकडे यायला लागले, मग अख्खी वाक्यं. शेजारच्या विधवेच्या दात काढण्याबद्दल मर्डिनानं काहीतरी टोमणा मारला आणि डोलिनाला हसू आलं, ते तिनं साबणाच्या पाण्यावर वाकून लपवलं. तिला आनंद झाला होता. तिला ते दार उघडल्यासारखं वाटलं.

मग ऑक्टोबरात मेंढ्यांचा बाजार झाला. टॉर्कलचा मेंढा कुणी घेतला नाही. तो दुपारी परत आला, बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला आणि डोलिनाला इंग्रजीत म्हणाला, "सूप गार का आहे?" सूप गार नव्हतं. डोलिना मोरीशी होती, इशबेल टेबलाशी. तिला पुढचं सगळं माहीत होतं. मर्डिना खुर्ची सरकवून उठली, ॲप्रन सारखा केला, आणि मुलाशेजारून जाताना त्याच्या दंडावर हात ठेवून हळूच गॅलिकमध्ये बोलली. नेहमी बोलायची तसंच. डोलिनाला आजवर वाटत आलं होतं की ती त्याला 'नको रे बाबा' म्हणत असेल.

म्हातारी म्हणाली, "तोंडावर नको. शाळेत दिसतं. आणि थांब जरा, मला मागावर बसू दे."

टॉर्कल थांबला. त्यानं खरंच वाट पाहिली. खटखट सुरू झाली तेव्हा त्यानं बेल्ट काढला.

त्या दिवशीचा मार डोलिनाला नीट आठवत नाही. त्यानं पोटात लाथ घातली, तिला मोरीच्या कडेवर आपटलं, हे नंतर अंगावर दिसलं. पण ती तिथं नव्हतीच. ती मागचे सगळे मार एकामागून एक आठवत होती आणि प्रत्येकाच्या आधीचा तो खुर्चीचा आवाज, तो दंडावरचा हात. म्हातारीला बघवत नव्हतं असं नाही. म्हातारी काम करत होती. किंकाळी गावात जाऊ नये म्हणून पायडल मारत होती. आणि रविवारी माग चालवता येत नव्हता, म्हणून रविवारी मारता येत नव्हतं. देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इशबेलचा हात धरून शाळेला निघाली. वारा होता. वाटेकडेच्या कठड्यावरची बर्फाची पातळ पापडी इशबेल बोटानं फोडत होती. सहा वर्षांची होती. ती आजीच्या मांडीवर वाढलेली, त्यामुळे तिचं गॅलिक दुधाबरोबरचं.

"इशबेल," डोलिना म्हणाली, "काल आजी उठून जाताना बाबांना काय म्हणाली, तुला कळलं होतं?"

इशबेलनं पापडी फोडणं थांबवलं नाही. "हो."

"आधीपण कळायचं?"

"ती तेच म्हणते नेहमी." मग तिनं वर पाहिलं. "आजीनं सांगितलंय, आईला सांगायचं नाही. तुला गॅलिक कळत नाही ना, मग तुला वाईट वाटत नाही."

डोलिना वाटेतच खाली बसली. तिच्या बरगड्यांत कळ गेली. तिनं पोरीच्या कोटाची बटणं लावली, जी आधीच लावलेली होती.

"मला आता कळतं," ती म्हणाली. "सगळं कळतं."

तिनं हे बोलायला नको होतं. पण ते तिला त्या वेळी सुचलं नाही.

शाळेत पोचल्यावर तिनं कत्रिओनाला मागच्या खोलीबद्दल विचारलं. कत्रिओनानं प्रश्न विचारला नाही. ठरलं ते असं की शाळा सुटल्यावर डोलिनानं घरी जाऊन पोरीचे कपडे घ्यायचे, आणि कत्रिओना वर्ग आवरून गाडी घेऊन रस्त्याच्या वळणाशी यायची. त्या दिवशी टॉर्कल कुंपण दुरुस्त करायला माळावर जाणार होता. लहान मुलांची शाळा लवकर सुटायची. रोजच्यासारखी मर्डिना फाटकाशी येऊन नातीला घेऊन गेली. डोलिनानं खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. इशबेल आजीचा हात धरून उड्या मारत काहीतरी सांगत होती.

ती घरी आली तेव्हा टॉर्कल चुलीशी उभा होता. माळावर गेला नव्हता. इशबेल टेबलाशी बसली होती, पुढ्यात जॅम लावलेला पाव, पण खात नव्हती. मर्डिना खिडकीपाशी लोकरीचा गुंडा उलगडत होती.

"ये," टॉर्कल म्हणाला. गॅलिकमध्ये. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा तिच्याशी त्या भाषेत बोलला. "बस. तुला आता सगळं कळतं म्हणे."

इशबेलनं मान आणखी खाली घातली.

डोलिनाला पळता आलं असतं. पुढचं दार तिच्या पाठीशी होतं. पण पोर टेबलाशी होती आणि टॉर्कल दोघींच्या मध्ये.

मर्डिनानं गुंडा ठेवला. खुर्ची सरकली.

"मर्डिना," डोलिना गॅलिकमध्ये म्हणाली. उच्चार बरोबर आला. "बस तू. जाऊ नकोस."

ते ऐकून टॉर्कलच्या तोंडाचा रंग बदलला. पण म्हातारी रागावली नाही. तिनं दाराच्या कडीवर हात ठेवून सुनेकडे पाहिलं, नीट, जणू पहिल्यांदाच घरात कुणी मोठं माणूस आलंय.

"माझ्या वेळी माग माझ्या सासूनं चालवला," ती म्हणाली. "तेव्हा मला कुणी विचारलं नाही, कळतंय का म्हणून. मला तर पहिल्या दिवसापासून कळत होतं."

आणि गेली.

टॉर्कलनं इशबेलला दंडाला धरून पलीकडच्या खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं. माग सुरू झाला. मग त्यानं पहिला ठोसा बरगडीवर मारला, कालच्याच जागी. डोलिना टेबलावर पडली, पाव आणि जॅम खाली गेला. त्यानं तिचे केस धरून तिला उठवलं आणि तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं, एकदा, आणि लगेच पुन्हा. तो गॅलिकमध्ये बोलत होता, तिला आता कळणाऱ्या भाषेत, आणि प्रत्येक शब्द कळत होता हेच जास्त लागत होतं. तिच्या तोंडात रक्त आलं. तिनं हाताला लागलं ते फेकलं, खुर्ची होती ती, आणि त्याची पकड सुटली.

आजवर ती नेहमी पुढच्या दाराकडे धावली होती. त्या दिवशी ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि शेडकडे गेली. तिच्या डोक्यात एकच होतं, तो आवाज बंद झाला पाहिजे.

शेडमध्ये तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. मर्डिना दाराकडे पाठ करून बसली होती, पाय वरखाली, धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. डोलिनानं तिच्या खांद्याला धरून ओढलं. "थांब. थांबव ते." म्हातारीनं मान वळवली नाही. पाय चालूच. तेवढ्यात टॉर्कल आत आला. त्यानं मागून डोलिनाचं डावं मनगट पकडलं, पिरगाळलं आणि तिचा हात मागात घातला, विणीच्या तोंडाशी, जिथं लोखंडी फणी प्रत्येक फेरीला येऊन धाग्यावर आदळते.

"थांबवायचाय?" तो म्हणाला. "थांबव."

फणी आली. डोलिनानं हाड मोडल्याचा आवाज ऐकला, मागाच्या आवाजातून वेगळा. ती ओरडली. म्हातारीचे पाय अडखळले, क्षणभर, आणि पुन्हा चालू लागले. फणी पुन्हा आली.

मागाच्या बाजूला फळीवर जास्तीचे धोटे ठेवलेले असत. लाकडी, हातभर लांब, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. डोलिनाच्या उजव्या हाताला एक लागला. तिनं न पाहता मागे मारला. टॉर्कलनं मनगट सोडलं. ती वळली, आणि पोलादी टोक त्याच्या डोळ्याखाली बसलं. तो गुडघ्यावर आला, हात तोंडावर. तिनं त्याच्या हातांवर मारलं. हात खाली गेले तेव्हा तोंडावर मारलं. तो पडल्यावरही मारलं. त्यात राग नव्हता असं तिनं पुढं कत्रिओनाला सांगितलं. सरपण फोडताना असतं तसं काहीतरी होतं, एक घाव, मग दुसरा. माग केव्हा बंद पडला ते तिला कळलं नाही. कळलं ते हे, की शेडमध्ये शांतता होती, तिचा स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता, मर्डिना मागावर बसून मुलाकडे बघत होती, आणि दारात इशबेल उभी होती.

इशबेल रडत नव्हती. तिनं दोन्ही कानांवर हात धरले होते.

वळणाशी वाट बघून कत्रिओना घरापर्यंत आली. तिनं शेडच्या दारातून आत पाहिलं, पोरीला उचलून गाडीत बसवलं, परत येऊन डोलिनाच्या हातातून धोटा सोडवला. तो सहज सुटेना. मग घरात जाऊन फोन केला.

टॉर्कल जगला. डावा डोळा गेला. डोलिनाची दोन बोटं वाकडी राहिली. शहरातल्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीनं तिच्या छातीचा एक्स-रे उजेडात धरला आणि जुनी जुळलेली हाडं मोजत गेली. शेवटी मोजायचं सोडून तिनं पोलिसाला आत बोलावलं. त्यामुळे खटला टॉर्कलवर झाला, डोलिनावर नाही, जरी हालाबोस्टच्या दुकानात बऱ्याच बायकांचं मत उलटं होतं आणि त्यांनी ते पाठ फिरवून तिला कळवलंही.

न्यायालयात मर्डिनानं साक्ष गॅलिकमध्ये दिली. दुभाष्या तिच्या शेजारी उभा होता. सरकारी वकिलानं विचारलं, तुम्ही घरात असताना तुमच्या सुनेच्या किंकाळ्या तुम्हाला ऐकू येत नव्हत्या का. म्हातारीनं काळा रुमाल हनुवटीखाली नीट केला.

"मी मागावर होते," ती म्हणाली. "मला काही ऐकू आलं नाही."

दुभाष्यानं तोंड उघडायच्या आधीच डोलिना बाकावरून उठली होती. कत्रिओनानं तिला कोट धरून खाली बसवलं. टॉर्कलला दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हातारीला काही झालं नाही.

डोलिना आणि इशबेल आधी कत्रिओनाच्या मागच्या खोलीत राहिल्या, मग शहरात दोन खोल्यांच्या घरात. डोलिनानं परीक्षा दिली, एकदा नापास झाली, पुन्हा दिली. तिला कामावर घ्यायचं की नाही यावर शिक्षण खात्याच्या लोकांनी बंद दाराआड बरीच चर्चा केली. ज्या बाईनं माणसाचा डोळा फोडला तिच्या हाती पाच वर्षांची पोरं द्यायची का. शेवटी गॅलिक शिकवणारी माणसंच पुरेशी नव्हती म्हणून घेतली. ती चांगलं शिकवायची. पोरं तिच्या हुकासारख्या वाकड्या बोटांना लोंबकळायची. तिनं कधी त्यांच्यावर आवाज चढवला नाही.

इशबेलनं मात्र त्या दिवसापासून गॅलिक सोडलं. दुधाबरोबरची भाषा, पण शब्द काढीना. डोलिनानं गॅलिकमध्ये विचारलं की इंग्रजीत उत्तर. तिला इंग्रजी वर्गात घातलं. डोलिनाला वाटलं, वेळ गेला की येईल.

इशबेल नऊ वर्षांची असताना एक दिवस मुख्याध्यापकांनी डोलिनाला वर्गातून बोलावून घेतलं. इशबेलनं मैदानात एका मुलीचे दोन दात पाडले होते. भिंतीशी धरून, ठोशांनी. दोन शिक्षकांनी मिळून तिला सोडवलं. त्या मुलीनं काय केलं होतं ते कुणाला सांगता येईना. ती गॅलिक वर्गातली होती, खेळायला बोलवत होती एवढंच.

इशबेल हात धुवायच्या जागी बसली होती. बोटांच्या सांध्यांवर रक्त सुकलं होतं, थोडं तिचं, थोडं दुसरीचं. डोलिनानं नळ सोडला, तिचा हात पाण्याखाली धरला आणि अंगठ्यानं हळूहळू रक्त काढू लागली. खाली निघालेल्या लालसर पाण्याकडे दोघी बघत राहिल्या.

"काय म्हणाली ती तुला?" डोलिनानं इंग्रजीत विचारलं.

"ये म्हणाली. बस म्हणाली." इशबेलचा आवाज कोरडा होता. "त्या भाषेत."

डोलिनानं नळ बंद केला नाही.

"मीच सांगितलं होतं आजीला," इशबेल म्हणाली. "शाळेतून घरी जाताना. आईला आता सगळं कळतं म्हणून. मला वाटलं आजीला बरं वाटेल." तिनं हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. "तुला माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नाही कधी."

"मला माहीत आहे," डोलिना म्हणाली.

"केव्हापासून?"

"त्या दिवशी मी दारात पाय ठेवला तेव्हापासून."

इशबेलनं मान वर करून आईकडे पाहिलं. तीन वर्षं ती हे छातीशी धरून जेवली होती, झोपली होती, आणि आईला ते पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, आणि आईनं तिचे केस विंचरले होते, तिला मासे काटे काढून दिले होते. तिचं तोंड वाकडं झालं. ती रडायला लागली, लहान मुलं रडतात तशी नाही, मोठ्या माणसासारखी, पोटातून, आवाज न करता. डोलिनानं तिचा ओला हात आपल्या पोलक्यावर पुसला.

बाहेर त्या मुलीचे आईवडील आले होते. बाप मोठ्यानं बोलत होता. डोलिना उठली, इशबेलला भिंतीकडच्या बाजूला, आपल्या आड घेतलं आणि त्यांची माफी मागायला दोघी मिळून बाहेर गेल्या.